निऑनच्या शेवटच्या अक्षराची फुंकर

खराडीच्या घरी मुलाने हवा शुद्ध करणारं यंत्र आणलंय. चालू केलं की ठिणगी उडाल्यासारखा तिखट वास येतो. "आई, बाबांच्या निऑनमध्ये असायचा तोच प्लाझ्मा यातही," तो कौतुकाने म्हणाला. मी उठून बाहेर आले.

तो वास कसबा पेठेतल्या आमच्या खोलीचा, जिथे हे निऑनच्या पाट्या करायचे. पुढे चौकाचौकात छापील फ्लेक्स लागले आणि निऑनची कामं आटली. कित्येक महिन्यांनी एका कॉम्प्युटर क्लासचं काम आलं होतं. संध्याकाळी उद्घाटन, आणि भर दुपारी शेवटचं अक्षर बाकी. तापलेली पोकळ काच वळवताना तिला जोडलेल्या रबरी नळीतून तोंडाने फुंकत राहावं लागतं, नाहीतर वळणावर काच चेपते. ह्यांचा दम पुरेना. दोन काचा वाया गेल्या, एकच उरली. तीही तापली आणि ह्यांना खोकल्याची उबळ आली.

"अहो, तुम्ही फक्त वळवा," म्हणत मी ह्यांच्या तोंडातली नळी ओढून माझ्या तोंडात धरली.

"हळू. चहा निववतेस तशी."

काच वळली. पंपाने आतली हवा काढली, गॅस भरला, वीज सोडली. अक्षर लालभडक पेटलं.

"माझी फुंकर राहिली असेल का हो आत?"

"राहिली असती तर पेटलं असतं का, बाईसाहेब?"

मी हसले. वाटलं, निभावलं सगळं.

दोन महिन्यांनी दवाखान्यात ह्यांच्या तोंडात श्वासाच्या यंत्राची नळी होती. ती ओढून माझ्या तोंडात धरायला मी हात पुढे केला, तर नर्सने मनगट पकडलं.