तेहतीस धडे आणि एक फॉर्मेट

घरात उंदीर शिरला म्हणून तुम्ही घर पाडता का? नाही ना? मग कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला की लगेच सगळं पुसायला का निघता?

हे मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना, गुजरातमध्ये तरसालीतल्या आमच्या शेजारच्या घरात, कमरेवर हात ठेवून एका दुरुस्तीवाल्याला विचारलं होतं. माझे वडील कारखान्यातल्या युनियनची पत्रकं लिहायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर गणितं सोडवत मी वाढले. अन्याय दिसला की आवाज चढायला मला वेळ लागत नसे.

कॉम्प्युटर शेजारच्या काकूंचा. काकू निवृत्त शिक्षिका. सोसायटीतली मराठी मुलं घरी मराठी बोलत, शाळेत गुजराती लिहीत आणि मराठी पुस्तक पुढे आलं की अडखळत. त्यांच्यासाठी काकू रविवारी वर्ग घेत. त्या वर्गासाठी त्यांनी तेहतीस धडे स्वतः रचले होते आणि दीड वर्ष खपून दोन बोटांनी टाइप केले होते. दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांची पुस्तिका व्हायची होती. कागदावर एकही प्रत नव्हती. होतं ते सगळं त्या एका मशीनमध्ये, आणि मशीन दर दहा मिनिटांनी आपोआप बंद पडत होतं.

व्हायरस आणला मीच. फीवाढीविरुद्धचं पत्रक सायबर कॅफेत लिहून फ्लॉपीवर आणलं आणि काकूंकडे उघडलं. भाषणात तेवढं मी गाळलं.

दुरुस्तीवाला शांतपणे ऐकत होता. तो गुजराती, पण गिऱ्हाइकांमुळे मोडकंतोडकं मराठी शिकलेला. “बेन, तुम्ही निवडणुकीला उभ्या राहा,” तो म्हणाला. “पण आ मशीन तो फॉर्मेटच करावा लागेल.”

“एका गुन्हेगारासाठी सगळ्या गावाला शिक्षा?”

“अगं, भाषण झालं असेल तर चहा घे,” काकू म्हणाल्या. “आणि भाई, हिला दोन दिवस देऊन बघू ने.”

कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर फुकट आलेली अँटिव्हायरसची सीडी घेऊन मी बसले. पहिल्या दिवशी सगळा व्हायरस पकडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तितकाच हजर. पुन्हा पकडला. तिसऱ्या दिवशी माझ्या सीडीने व्हायरसबरोबर इतकं काही साफ केलं की विंडोज सुरूच होईना.

दुरुस्तीवाला परत आला. माझ्याकडे बघून हसला. त्याने काकूंची हार्ड डिस्क काढून आपल्या मशीनला लावली, धडे सीडीवर उतरवले आणि मग फॉर्मेट करून विंडोज नव्याने टाकलं. सगळं मिळून तीन तास. धडे सीडीवरून मशीनमध्ये घातले आणि तो अंगणात चहा प्यायला गेला.

काकूंनी पहिला धडा, “आंब्याचं झाड”, उघडला. आंब्याच्या झाडाच्या जागी स्वल्पविराम, प्रश्नचिन्हं, डोक्यावर टिंबं असलेली इंग्रजी अक्षरं. दुसरा धडा तसाच. पाचवाही.

“मेला सीडीतसुद्धा शिरला की गं,” काकू हळूच म्हणाल्या.

आणि मी, गावाची बाजू घेणारी मी, म्हणाले, “काकू, पुसा. पसरायच्या आत पुसा.”

मी स्वतः माउस घेतला. आठ धडे पुसून झाले. काकूंनी सीडी बाहेर काढली आणि दोन्ही हातांनी वाकवली. त्यांचे डोळे भरले होते.

“अरे बेन, काय करता?” दुरुस्तीवाला कप घेऊनच आत धावला. “धडे साजे आहेत. फॉन्ट नथी.”

मराठी अक्षरांचा तो फॉन्ट जुन्या विंडोजमध्ये होता आणि त्याच्याबरोबर गेला. मजकूर जसाच्या तसा होता, त्याला दाखवणारी अक्षरंच नव्हती. काकूंनी सीडी इतक्या हळू टेबलावर ठेवली की जणू तान्हं बाळ.

तोच फॉन्ट दांडिया बाजारात लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे मिळाला. दुरुस्तीवाल्याच्या स्कूटरवरून जाऊन आम्ही तो फ्लॉपीवर आणला. मशीनमध्ये घालण्याआधी त्याने ती फ्लॉपी दोनदा तपासली. “तुमचं काय सांगता येत नाही, बेन,” तो म्हणाला. मग आंब्याचं झाड परत आलं. सीडी जराशी वाकली होती तरी चालली, आणि मी पुसलेले आठही धडे तिच्यावरून मिळाले.

पुस्तिका सुट्टीआधी निघाली. वर्गात एका मुलीने पहिला धडा न अडखळता वाचला, तेव्हा काकूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या वाचणाऱ्या मुलीकडे पाहत होत्या.

व्हायरस काढावा की विंडोज नव्याने टाकावं, यावर मी आता कोणाशीही भांडत नाही. दुरुस्तीवाला बरोबर होता. तुम्हाला मात्र एक काम सांगते. तुमच्या ओळखीत कोणी काका, काकू, आजोबा दोन बोटांनी काही टाइप करत असतील, तर या रविवारी त्यांच्याकडे जा. त्यांच्या फाइली आणि त्या ज्या फॉन्टमध्ये लिहिल्यात तो फॉन्ट, दोन्ही एका सीडीवर उतरवा. आणि ती सीडी त्यांच्या घरात ठेवू नका, तुमच्या घरी आणा.