मुलाच्या जागी माझा नंबर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि तिला नाही म्हणजे कुणालाच नाही, कारण तिच्यापासून काही लपवायला गेलो की माझा चेहराच फितूर होतो. ही एक गोष्ट मात्र दोन वर्षं आत राहिली आहे. कशी राहिली, कळत नाही. आता तुम्हाला सांगायला बसलोय, तर सरळ सांगेन का? मलाच खात्री नाही. अडखळलो तर समजून घेऊ नका, नुसतं ऐका.

मी वस्तू विकतो. आधी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकली, मग चुंबकाच्या गाद्या. त्या गादीवर स्वतः एकदा झोपलो आणि मान धरली. दुसऱ्या दिवशी तीच मान एका बाजूला कलती ठेवून तीन गाद्या खपवल्या. लोकांना वाटलं, माणूस किती नम्र आहे! त्यानंतर आला मनगटाचा पट्टा. नाडी, झोप, पावलं, रक्तातला ऑक्सिजन — सगळं मोजणारा. नेरुळ, सीवूड्स, कोपरखैरणे इथल्या सोसायट्यांच्या क्लबहाऊसमध्ये आम्ही 'मोफत आरोग्य तपासणी'चा बॅनर लावायचो, आणि तपासणी संपेपर्यंत म्हाताऱ्या माणसाच्या हातात पट्टा असायचा. 'आईची नाडी, लेकाच्या हाती' ही ओळ माझी. साहेबांनी ती बॅनरवर घेतली तेव्हा मी आठवडाभर छाती काढून चालत होतो.

त्या पट्ट्यावर माझा स्वतःचा किती विश्वास होता? एकदा घरी गंमत म्हणून तो दुधी भोपळ्याला बांधून पाहिला. बहात्तर नाडी दाखवली. ठणठणीत भोपळा! बायको म्हणाली, "आता हा चिरायचा कसा?" आम्ही खूप हसलो. हे लक्षात ठेवा — म्हणजे, ठेवू नका. मी आताच सबबी शोधायला लागलोय बहुतेक.

तर पट्ट्याच्या ॲपमध्ये एक रकाना होता — 'कुटुंबातील व्यक्ती'. तो भरल्याशिवाय पट्टा चालू होत नसे आणि माझी विक्री धरली जात नसे. मुलाचा किंवा मुलीचा नंबर टाकायचा, म्हणजे आईबाबांचे आकडे तिकडे दिसणार, काही बिघडलं तर इशारा जाणार. नंबर खरंच मुलाचा आहे का, हे कुणी तपासत नव्हतं. ग्राहकाला त्रास नको म्हणून ओटीपीसुद्धा नव्हता. आणि म्हातारी माणसं? "लेकाचा नंबर फोनमध्ये आहे, आमच्या डोक्यात कुठे?" "त्याला कशाला त्रास, तो कामात असतो." मग मी माझ्या दुसऱ्या सिमचा नंबर टाकायचो. तात्पुरता. नातं : मुलगा. असं करत मी सतरा म्हाताऱ्यांचा मुलगा झालो. त्यातली एक आई माझ्यापेक्षा जेमतेम सहा वर्षांनी मोठी होती. मी टपरीवर चहा पीत असायचो आणि फोन सांगायचा, तुमची आई आज कमी झोपली. माझी खरी आई कराडला किती झोपते, देव जाणे.

तुम्ही म्हणाल, हीच चूक. आहे, पण ही ती नव्हे.

शिरवण्याच्या काकी. मूळच्या गावच्याच, गावठाणात स्वतःचं तीन मजली घर, वरचे दोन मजले भाड्याने. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा जितू न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कामाला. घर बिल्डरला द्यावं असं त्याचं म्हणणं, आणि "मी हाय तवर नाय" असं काकींचं. एक दिवस शब्दाला शब्द लागला आणि तो बायको-पोरं घेऊन उलव्याला राहायला गेला. तेव्हापासून मायलेकांचा अबोला. दीड वर्ष! फोन नाही, सणाला येणं नाही. मुलगी वैशाली कोपरखैरण्याला दिलेली, ती अधूनमधून यायची.

काकींनी पट्टा घेतला तो त्या एका ओळीसाठी. लेकाच्या हाती. ओट्यावर बसून दोनदा विचारलं, "म्हंजे जितूला माजं समदं दिसंल?" मी म्हटलं, दिसेल की, नंबर द्या. तर म्हणाल्या, "नंबर हाय. पन मी नाय देनार. त्यानं इचारला पायजे."

आता यावर काय करायचं? विक्री तर हातातली सोडवेना. मी म्हटलं, काकी, तुम्ही देऊ नका, फोनमधून ॲपच नंबर घेतं; ऑफिसातून त्याला मेसेज जातो, त्याने हो म्हटलं की झालं. आणि त्यांचा फोन घेऊन कोपऱ्यात गेलो, माझा नंबर टाकला. परत येऊन सांगितलं — त्याने हो म्हटलंय.

काकींनी पदराने पट्ट्याची काच पुसली. मी तिथून उठायला हवं होतं, नाही का? उठलो नाही. ॲपमध्ये टाळीचं एक बटण होतं. घरच्यांनी ते दाबलं की पट्टा मनगटावर थरथरायचा आणि दोन हातांचं चित्र यायचं. काकींनी नवा पट्टा घालून अंगणात दहा फेऱ्या मारल्या, आणि मी खिशातल्या खिशात बटण दाबलं.

का दाबलं? गंमत म्हणून? दया आली म्हणून? की सात दिवसांत पट्टा परत करता येतो, तो करू नये म्हणून? दोन वर्षं विचार करतोय. प्रत्येक वेळी वेगळं उत्तर येतं, आणि प्रत्येक उत्तर खरं वाटतं.

काकींचा चेहरा मात्र आठवतो. मनगट कानाला लावलं होतं त्यांनी, जणू आतून कुणी बोलणार आहे. मग शेजारणीला हाक मारली, "ए मंजे! जितू बोलत नाय, पन टाली वाजवतंय बग!"

त्यानंतर रोज. सकाळी त्या गच्चीवर चालायच्या, तीन हजार पावलं झाली की मी टाळी द्यायचो. सुरुवातीला आवडीने. मग कंटाळा आला आणि मी ती आपोआप जाईल अशी सोय करून टाकली — पावलं पुरी झाली की टाळी. ॲपमध्ये तेही होतं. आणि इशारे? सतरा आईबापांचे इशारे! कमी झोपले, कमी चालले, नाडी वाढली, नाडी उतरली. भोपळ्याला नाडी दाखवणारं यंत्र ते. किती मनावर घ्यायचं? मी त्या सिमवरचा आवाज बंद केला. नंतर बघणंही बंद केलं.

काकींना चक्कर यायला लागली ती त्याच दिवसांत. वैशाली डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागली. काकी म्हणाल्या, "जितू बगतंय ना समदं. काय असतं तर टाली दिली असती का त्यानं?" हे मला वैशालीने नंतर सांगितलं. ती सहज सांगून गेली. माझ्या हातातला कप मी खाली ठेवला, एवढं आठवतं.

गच्चीवरून उतरताना काकी जिन्यात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. पण हाडाच्या आधी हृदयाचं होतं. नाडी इतकी मंद झाली होती की डोक्याला रक्त पुरत नव्हतं. आधी छातीत पेसमेकर बसवावा लागला, मग हाडाचं ऑपरेशन.

वैशालीने मला हॉस्पिटलमध्ये बोलावून घेतलं. "दादा, डॉक्टर मागच्या दिवसांची नाडी विचारतायत. तुमच्या पट्ट्यात असते ना?" असते. मी काकींचा फोन हातात घेतला आणि आलेख उघडला. नऊ दिवस. रोज चाळीसच्या खाली, आणि रोज एक इशारा. या वेळी भोपळा नव्हता. पट्टा बरोबर सांगत होता. डॉक्टर म्हणाले, "हे इशारे कुणाला जात होते? चार दिवस आधी आणलं असतं तर पडल्याच नसत्या." एवढं बोलून ते पुढच्या खाटेकडे गेले. वैशालीने फोन मागितला. मी म्हटलं, एक मिनिट, रेंज नाही इथे, बाहेर जाऊन दाखवतो.

परत येऊन मी फोन तिला दिला. तिने वाचलं — 'मुलगा', आणि खाली जितूचा नंबर.

जितू आला तो यार्डातल्या जाकिटावरच. वैशाली त्याला दारातच भेटली. "नऊ दिवस आयेची नाडी पडत होती न् तू टाल्या वाजवत बसलास?"

"कसल्या टाल्या?"

"येडा बनू नको. नंबर तुझाच हाय."

काकी खाटेवरून म्हणाल्या, "राहू दे गो वैशे. कामात असंल. बगायचा राहिला असंल." लेकाला त्यांनी तिथल्या तिथे माफ केलं होतं, मी पाहिलं. त्याचा हात ओढून स्वतःच्या हातात घेतला होता.

जितू म्हणाला, "आये, शपत. मना काय ठावच नाय. ह्यो पट्टा मी आज बगतंय."

"टाल्या नाय दिल्यास तू?"

"नाय."

काकींनी त्याच्याकडे बघितलं. मग त्याचा हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं. इशारा चुकला, ते त्या विसरल्या असत्या. पण दिलेलं प्रेम आता नाही म्हणतोय, बहिणीच्या तोंडाला घाबरून — हे कसं विसरणार? मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. त्या खोलीत खरं काय ते माहीत असलेला मी एकटा माणूस. जितूने माझ्याकडेही एकदा पाहिलं, की हा यंत्रवाला तरी काही बोलेल. मी सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिलो.

बाहेर गेलो होतो ना मी, रेंजसाठी? रेंज होती. पाण्याच्या कूलरपाशी उभं राहून मी काकींच्या फोनमध्ये जितूचा नंबर शोधला, आणि रकान्यातला माझा पुसून त्याचा टाकला. 'मुलगा' तसंच राहिलं. जुन्या टाळ्या, जुने इशारे, सगळे त्याच्या नावावर गेले. एक मिनिटही लागलं नाही. मागे एक माणूस ग्लास घेऊन ताटकळत होता, त्याला मी "सॉरी हं" म्हणून बाजूला झालो. इतका शुद्धीवर होतो.

तर हे ते. हेच सांगायचं होतं.

अजून एक आहे. महिन्याभराने जितू मला शोधत नेरुळला आला. चहा त्यानेच मागवला. "दादा, तुमी सांगा, मी कधी फॉर्म-बिर्म भरलेला का? मेसेज आला न् मी हो बोललो, असं काय झालं का?" तेव्हा तरी बोलता येत होतं. दोघेच होतो, वैशाली नव्हती, काकी नव्हत्या. आणि तो भांडायला आलेला नव्हता, खरंच विचारत होता.

मी म्हटलं, "भरला असाल. घाईत माणूस हो-हो करत पुढे जातो. आठवत नाही."

त्याने मान हलवली. "असंल. मी बी सगळीकडं येस दाबतो." आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच, "मग टाल्या बी मीच दिल्या असतील का?" आपल्या आईला आपण काय केलं नि काय नाही, हे त्याला माझ्या तोंडावरून ठरवायचं होतं, आणि मी बिस्कीट चहात बुडवत होतो.

काकी आता वैशालीकडे असतात. चाकांच्या वॉकरच्या आधाराने चालतात. जितू दर रविवारी येतो, काकी त्याला पाणी देतात, बोलत नाहीत. एकदा म्हणे तो रडत म्हणाला, "बरं, मीच वाजवल्या टाल्या. झालं?" त्यावर काकी म्हणाल्या, "आता बोलतंस?" हेही वैशालीनेच सांगितलं, फोनवर. नव्या मॉडेलची चौकशी करायला तिने केला होता.

पट्टे विकणं मी सोडलेलं नाही. त्या ओळीचा बॅनरही अजून लागतो. दुसरं सिम मोडून टाकलं, आणि सतरांपैकी बाकीच्या सोळा जणांना खऱ्या मुलांचे नंबर मिळवून दिले — हे चांगलं काम म्हणून सांगत नाही, घाबरून केलं.

नऊ इशारे माझ्या फोनवर आले. टाळ्या माझ्या होत्या. नंबर मी बदलला. जितू खरं बोलत होता, आणि आता त्याचं त्यालाच ते खरं वाटत नाही. उलव्यातलं त्याचं घर मला माहीत आहे. वैशालीचंही माहीत आहे. मी गेलेलो नाही.