रिळाच्या पाठीतली दोन भोकं

आप्पा टर्नरांनी आयुष्यात कोणाला माफ केल्याचं मला माहीत नाही. पोलादपूरच्या स्टँडसमोर एका चहावाल्याने त्यांना एकदा बाकावरून उठवलं होतं, गाडीतून उतरलेल्या गिऱ्हाइकाला जागा हवी म्हणून. आप्पा उठले. त्या दिवसापासून गावाला जाता-येता ते समोरच्या टपरीवर चहा घ्यायचे आणि रस्त्याकडे तोंड करून, त्या पहिल्या चहावाल्याकडे बघत बघत प्यायचे. असं अकरा वर्षं. चहावाला वारला, त्याचा मुलगा गल्ल्यावर बसला, तरी आप्पांचं चालूच. मी एकदा म्हटलं, "आप्पा, तो माणूस गेला की हो." तर म्हणाले, "दुकान गेलं का?"

महाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते लेथवर होते आणि मी तिथेच स्टोअर सांभाळते. मूळ कुडपणचे. घर, बायको, नाचणीचं रान सगळं वर डोंगरावर, आणि आप्पा महाडात नदीजवळच्या एका खोलीत. कामाला हात असा की पंपाचा शाफ्ट त्यांनी उतरवला तर दुसऱ्यांदा मोजायची गरज नसे. पण कोणी त्यांच्या लेथवरचा पाना न विचारता उचलला, तर त्या माणसाला पुढे सहा महिने आप्पांकडून उत्तर मिळत नसे. मी समजूत घालायला गेले की म्हणायचे, "माफ करायला मी काय देव हाय, ताई? देवाला येळ असतो. मला आठ तासांची ड्युटी हाय."

या माणसाचा जीव एका पितळी रिळात होता. त्यांचे वडील मुंबईला गोदीच्या वर्कशॉपमध्ये होते. तिथल्या कोणा गोऱ्या फोरमनने जाताना ते त्यांना दिलं होतं. तळहाताएवढी पितळी चकती, मधोमध एक पोलादी पिन, आणि त्या पिनेवर गरागरा फिरणारं चाक. त्याच्यावर तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, गुंडाळायचा. ना दाते, ना स्प्रिंग. मासा ओढू लागला की चाकावर अंगठा टेकवून त्याला आवरायचं, एवढीच युक्ती. आप्पा म्हणायचे, "खिळा आनि चाक. बाकी सगळा अंगठा." शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब घ्यायला ते शनिवारी स्टोअरला यायचे. तो थेंब कशाला लागतो हे बघायला म्हणून मी एका रविवारी सावित्री नदीवर गेले आणि मासे गरवायला शिकले. बाईमाणसाने गळ टाकत बसायचं, हे आमच्या घरात कोणाला पटलं नाही. आप्पांनी मात्र काठीवर माझा अंगठा नीट बसवून दिला आणि पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाकडे बोट दाखवून म्हणाले, "बोया पान्यासंगती जाऊ दे. तू ओढू नको, तू ढकलू नको."

मग कारखान्यात नवे मॅनेजर आले. त्यांनाही गरवायचा नाद होता, आणि त्यांच्याकडे त्याच जातीचं पण नव्या बनावटीचं परदेशी रीळ होतं. अ‍ॅल्युमिनियमचं, काळंभोर, आत दोन बेअरिंगं. साहेब मनाने वाईट नव्हते. रविवारी आमच्याबरोबर दगडावर बसायचे, डब्यातली भाकरी मागून खायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन्ही रिळं शेजारी धरली आणि एकेक टिचकी मारली. पितळी रीळ दहा-बारा गिरक्या घेऊन थांबलं. साहेबांचं फिरतच राहिलं. त्यांनी मोबाइलवर वेळ लावली. दीड मिनिट झालं तरी फिरत होतं.

"बघा आप्पा," साहेब म्हणाले.

"साहेब, ते हवेत फिरवायचं का पान्यात?"

पण आप्पा लबाड नव्हते. संथ पाण्यात साहेबांचा बोया आपोआप पुढे जायचा आणि आप्पांना चाकाला बोटाने जरा मदत करावी लागायची. घरी येताना ते मला म्हणाले, "खोटं कशाला बोलू? साहेबांचं हलकं हाय. मरत्या पान्यात त्येच भारी." आणि थोडं चालल्यावर, "पन तोंडात माती गेली की ते रुसनार. माजं माती खाऊन चालतं." म्हणून दर रविवारी निघताना साहेब आपलं रीळ आप्पांकडे देत. आप्पा ते खोलून बेअरिंगं रॉकेलमध्ये धूत, तेल देत आणि सोमवारी केबिनमध्ये पोचवत. साहेबांनी ते स्वतः कधी उघडून बघितलं नाही.

एका भाद्रपदात साहेबांनी पितळी रीळ मागून नेलं. "दोन दिवस द्या, फोटो काढतो." दोन दिवसांचे पाच आठवडे झाले. आप्पा रोज केबिनच्या दारावरून जायचे, पण मागायचे नाहीत. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली आणि साहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. भिंतीवर पॉलिश केलेली लाकडी पाटी होती. पाटीवर ते रीळ, घासूनपुसून सोन्यासारखं चकचकीत. सुताराकडून त्याच्या पाठीच्या पितळी पत्र्यात दोन भोकं पाडून घेतली होती आणि आरपार दोन स्क्रू मारले होते.

"आप्पा," साहेब हसत म्हणाले, "तुमच्या भंगाराचं बघा काय केलं! आता सगळे बघतील. आणि हे तुम्हाला." त्यांनी आपल्यासारखंच नवं कोरं रीळ खोक्यासकट पुढे केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी खोकं दोन्ही हातांनी घेतलं. "थँक्यू, साहेब." पेढा मात्र घेतला नाही.

संध्याकाळी स्टोअरच्या खिडकीशी आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "बापाच्या पाठीत दोन भोकं पाडली, ताई," म्हणाले, "आनि वर पेढं वाटलं."

"मी बोलू का साहेबांशी?"

"तू कायपन बोलायचं नाय. मी बगतो."

मला वाटलं होतं, आप्पा आता नदीवर येणार नाहीत. पण ते आले. गनमेटल या काशासारख्या धातूच्या तुकड्यातून त्यांनी जेवणाच्या सुट्टीत स्वतःसाठी तसंच एक रीळ उतरवलं. भेट मिळालेलं खोकं उघडलंसुद्धा नाही. साहेबांशी पूर्वीसारखंच बोलत होते. रविवारी साहेबांचं रीळ घेत, सोमवारी परत देत. फक्त आता ते नुसतं वरून फडक्याने पुसलेलं असायचं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा पुढचा पावसाळा निम्मा झाला होता आणि नदी लाल झाली होती.

"आप्पा, तुम्ही बेअरिंगं धूत नाही."

"नाय."

"खराब होतील."

"मी काय केलं नाय, ताई. जे करत हुतो, ते करायचं बंद केलं. माजी ड्युटी हाय का ती?"

मी साहेबांना सांगू शकले असते. सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ती भोकं रोज दिसत होती.

दिवाळीनंतर मुंबईहून कंपनीचे थोरले साहेब आले. केस पिकलेले, जुने गरवणारे. मॅनेजरसाहेबांनी त्यांच्यासाठी खास बेत आखला. आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागायच्या अलीकडे एक डोह आहे, तिथे आम्ही सकाळी गेलो. तासाभरात मॅनेजरसाहेबांच्या गळाला खडस लागला. मोठ्या खवल्यांचा तो मासा एकदा ओढू लागला की माणसाला पुढे फरफटवतो. साहेबांनी चाक सोडलं, तर ते सुटेना. आतून खरखर आवाज आला, अर्धी गिरकी फिरलं आणि अडकलं. काठी कमानीसारखी वाकली.

"आप्पा! आप्पा, इकडे या! हात लावा जरा!"

आप्पा दहा पावलांवर दगडावर बसले होते. उठले नाहीत. "माजा हात भंगारावर बसल्याला, साहेब. तुमच्या रिळाला कसा चालंल?"

तंगूस फटदिशी तुटला. साहेब मागच्या मागे पाण्यात बसले, कमरेपर्यंत. थोरले साहेब हसले, मग त्यांना हात देऊन वर घेतलं. अडकलेलं चाक फिरवून बघितलं, कानाशी धरलं. "हे वर्षभर कोणी धुतलंच नाही." मग आप्पांकडे वळले. "तुमचं बघू."

त्यांनी टिचकी मारली. गनमेटलचं रीळ चार-पाच गिरक्यांत थांबलं. "फिरत नाही की हो हे."

"फिरत नाय, साहेब. पन ऐकतं."

थोरल्या साहेबांनी अंगठा टेकवून तंगूस ओढून बघितला आणि मान हलवली. "हे कशावरून बनवलंत?"

याच प्रश्नासाठी आप्पा वर्षभर थांबले होते, हे मला त्या क्षणी कळलं. डोहाकडे बघत ते शांतपणे म्हणाले, "बापाच्या रिळावरनं. इंग्रजी हुतं, पितळी. साहेबांच्या केबिनला भिंतीवर हाय. पाठीला दोन भोकं पाडून ठोकल्यालं."

थोरल्या साहेबांनी गनमेटलचं रीळ आप्पांच्या हातात परत दिलं. मग मॅनेजरसाहेबांना एवढंच म्हणाले, "भोकं पाडलीस? तू?" ओल्या पँटीत उभ्या असलेल्या साहेबांचं तोंड मला अजून दिसतं. परतीच्या वाटेवर गाडीत आप्पा आपल्याशीच म्हणाले, "शिक्षा द्यायला बी जानकार मानूस लागतो."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेब स्वतः लेथपाशी आले. रीळ पाटीवरून सोडवून, कागदात गुंडाळून आणलं होतं. सगळ्या कामगारांसमोर म्हणाले, "आप्पा, चुकलं माझं. मला कळलं नाही." आप्पांनी रीळ घेतलं, म्हणाले, "होय," आणि लेथ चालू केला. चार महिन्यांनी साहेबांची बदली झाली. निरोपाच्या दिवशी त्यांनी हात पुढे केला, तर आप्पांनी आपले हात मागे घेतले. "तेलाचे हायत." हात कोरडे होते. साहेबांनीही ते पाहिलं.

तेव्हा मला राहवलं नाही. साहेब गेल्यावर मी म्हणाले, "आप्पा, बस झालं आता. माणूस पाण्यात बसला, सगळ्यांसमोर चुकलं म्हणाला. अजून काय हवंय तुम्हाला?"

आप्पांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुमी साहेबांच्या बाजूच्या काय, बाई?"

बाई. नऊ वर्षं मी त्यांची ताई होते. त्यानंतर ते तेलाला आले नाहीत, बाहेरून विकत आणू लागले. नदीवर माझ्या आधी पोचून ते वरच्या डोहाला बसायचे. दीड वर्षाने निवृत्त झाले, तेव्हा सगळ्या खात्यांत पेढे वाटले. स्टोअर सोडून.

त्यांना बरं नाही असं कळलं तेव्हा मी कुडपणला गेले. घाट चढून, दोनदा गाडी बदलून. आप्पा ओटीवर पडून होते, अंगाचा नुसता सांगाडा उरलेला. मी पाया पडले. त्यांनी आत बघून हाक मारली, "अगो, स्टोअरच्या बाई आल्यात. च्या टाक." आणि भिंतीकडे तोंड केलं. वहिनी डोळ्यांना पदर लावून चहा घेऊन आल्या. तो चहा मी सगळा प्यायले, अंगणातून एकदा वळून बघितलं आणि उतरले.

श्रावणात गावाहून आप्पा गेल्याचा निरोप आला. वहिनींनी कळवलं होतं, दहाव्याला या, तुम्ही यायलाच हव्यात. अर्जावर रजेची तारीख घातली होती. मग तो फाडला. दहाव्याच्या दिवशी मी स्टोअर वेळेवर उघडलं, दुपारी डबा खाल्ला, संध्याकाळी कुलूप घातलं. गेले नाही. गेले असते तर बाईला अबोलासुद्धा शेवटपर्यंत पाळता आला नाही, म्हणून आप्पांनी मला नावं ठेवली असती.