सर्वपित्रीला इंदूरमध्ये: सोखाचे कंबोडियन एग रोल

पितृपक्षात कोणी फिरायला जातं का, असं सासूबाईंनी विचारलं. मी म्हटलं, फिरायला नाही, शिकायला चाललेय. इंदूरला माझा मामेभाऊ अभय राहतो. नोकरीसाठी तो काही वर्षं कंबोडियात होता, तिथून सोखाशी लग्न करून परतला. सोखाच्या हातच्या एग रोलबद्दल तो फोनवर इतकं बोलायचा, की माझ्या ब्लॉगला हा विषय हवाच होता. सर्वपित्रीला करतेय, तेव्हा ये, असं तिने स्वतःहून सांगितलं आणि मी संध्याकाळच्या बसचं तिकीट काढून मोकळी झाले.

जाणाऱ्यांसाठी सांगते: पुण्याहून स्लीपर घ्या, आणि खिडकीचा हट्ट धरू नका. धुळ्यापर्यंत रस्ता सुरेख आहे, पुढे बिजासन घाटात ट्रकांची रांग लागली की बस रखडते. इंदूरला उतरल्यावर आधी पोहे-जिलेबी खायची. वर शेव आणि जिरावण मसाला भुरभुरलेले पोहे, शंभराच्या आत दोघांचं पोट भरतं. तिथून विजय नगरला, अभयकडे, सिटी बसही जाते, पण मी बॅगेसकट रिक्षाच केली. रिक्षावाले भिया (इंदुरी भैया) वाटेत सगळी खबर काढून घेतात, तेव्हा तयारीत राहा.

अभयच्या फ्लॅटमध्ये तो, सोखा आणि माझी मामी असे तिघे असतात. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. छत्रीबागेतलं घर विकून मामी इथे आली, पण तिचं वाणसामान अजून तिथूनच येतं. दारातच तिने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, की रोल कर म्हटलंय मी सोखाला, पण अंडं-चिकन माझ्या किचनमध्ये येणार नाही, या दिवसांत तर बिलकुल नाही. एक जुनी कढई आणि इंडक्शन तिने गॅलरीत मांडून दिलं होतं. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत उभं राहून अंड्याचा बेंजो, म्हणजे ऑम्लेट-पाव, चापणारा अभय यावर चकार शब्द काढत नव्हता. मी मात्र मनातल्या मनात मामीवर चिडले. काय हा मागासपणा, असा एक परिच्छेद डोक्यात लिहूनसुद्धा झाला. तो परिच्छेद आठवला की आज कानशिलं गरम होतात.

दुपारी आम्ही तिघी भाजीला गेलो. मामीला श्राद्धाच्या पातळभाजीसाठी अळूची पानं हवी होती, सोखाला त्याचेच कंद, म्हणजे अळकुड्या. एकाच टोपलीतून दोघींनी घेतलं. येताना सोखाने तिच्या मोडक्या हिंदीत सांगितलं, की त्यांच्याकडेही याच पंधरवड्यात पितर येतात. भुकेले असतात, देवळा-देवळातून आपल्या माणसाने ठेवलेलं ताट शोधत फिरतात. तिच्या आजीला ती याय म्हणते. लढाईच्या वर्षांत यायची बरीच माणसं गेली, कोण कुठे, कोणत्या दिवशी, काहीच कळलं नाही. सरहद्दीवरच्या निर्वासितांच्या छावणीत याय हे रोल करून विकायची, आणि अमावास्येला गेलेल्या प्रत्येकासाठी एकेक वेगळा वळायची. मामी चालता चालता थांबली. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचीच तर ही अमावास्या, असं ती म्हणाली आणि पुढे चालू लागली. मी हे ऐकलं, पण डोक्यात उद्याचा उजेड गॅलरीत किती वाजता येईल हेच चाललं होतं.

अमावास्येला सकाळी मामी आत भरड्याचे वडे आणि खीर करत होती, बाहेर आम्ही दोघी. कृती अशी: अळकुड्या आणि गाजर किसून घट्ट पिळायचं. मुगाच्या काचेसारख्या शेवया भिजवून कापायच्या. चिकनचा खिमा (तिकडे डुकराचा घालतात), लसूण, मिरी, चिमूटभर साखर आणि मिश्रण धरून ठेवायला अंडं. गव्हाच्या पातळ पाऱ्या सोखाने माहेरून आणल्या होत्या. पारीत सारण ठेवून कडा आत दुमडायच्या, घट्ट वळायचं, शेवटच्या टोकाला अंड्याचं बोट फिरवायचं आणि मंद आचेवर तळायचं. प्रत्येक रोल वळताना सोखा काहीतरी हळू म्हणत होती. मी मोबाइल धरून विचारलं, गाणं आहे का?

"नाम है, दीदी. नाम बोलना पड़ता है. नहीं तो उसको पता नहीं चलता कि ये उसका है."

पाऱ्या संपल्या. तळलेले रोल तिने वळले त्याच क्रमाने केळीच्या पानावर ओळीने मांडले, शेजारी काकडी, पुदिना, लिंबू-साखरेच्या पाण्यात लसूण आणि दाण्याचा कूट घातलेली चटणी. ताट स्टुलावर ठेवून ती हात धुवायला आत गेली. उजेड अगदी हवा तसा पडला होता. मी ओळीतला पहिला रोल उचलला, आतलं सारण दिसावं म्हणून कॅमेऱ्यासमोर मोडला, आणि अर्धा तोंडात घातला.

मला माहीत नव्हतं असं नाही. आदल्या दिवशीच तिने सांगितलं होतं, पहले वो खाएँगे. आमच्या घरी श्राद्धाच्या स्वयंपाकात मीठसुद्धा चाखून बघत नाहीत, वास घेतला तरी आजी ओरडायची. आत मामीच्या वड्यांना मी सकाळपासून बोट लावलं नव्हतं. इथे लावलं, कारण माझ्या लेखी ते ताट नव्हतंच, स्टार्टर होता. याहून लाजिरवाणं मला माझ्याबद्दल काही सांगता येत नाही.

सोखा दारात उभी होती. ती रागावली नाही. "अच्छा बना है?" एवढंच तिने विचारलं. माझ्या तोंडातला घास ना गिळवे ना थुंकवे. तेवढ्यात तिच्या मागून मामी आली. तिने ताट पाहिलं, माझा हात पाहिला.

"माझ्या ताटाला लावला असतास हात?" मामी म्हणाली.

मामीने सोखाला विचारलं, किसका था बेटा?

"मेरे छोटे मामा का. बहुत छोटे थे, आई. खाना नहीं मिला था उनको, इसलिए गए."

मामी आत गेली. मला वाटलं, संपलं सगळं. थोड्या वेळाने किचनमधून लाटण्याचा आवाज आला. मामी मैदा भिजवून पारी लाटत होती, तिच्या सोवळ्यातल्या पोळपाटावर. चिरोट्यांना लाटते तशी, आरपार दिसेल इतकी पातळ. मी लाटू का, असं विचारलं तर म्हणाली, "तू बस." ती एकच पारी ताटलीत घालून तिने गॅलरीत नेऊन दिली. भांड्याच्या तळाशी थोडं सारण उरलं होतं, त्यातून सोखाने रोल वळला, नाव घेतलं, तळला. मग दोन्ही ताटं गच्चीवर गेली, कठड्यावर शेजारी शेजारी. आम्ही कावळ्याची वाट पाहत उभे राहिलो. मी सगळ्यांच्या मागे होते.

निघताना माफी मागायचा मी प्रयत्न केला, तर सोखाने डबा हातात ठेवला आणि म्हणाली, उनका हो गया, अब आपका. परतीच्या बसचं, वाटेतल्या धाब्याचं मला काही आठवत नाही. डबा मांडीवर होता एवढं आठवतं.

घरी नवऱ्याने डबा उघडला आणि रोलला हात घातला. मी म्हटलं, थांब. एक रोल वेगळ्या ताटलीत काढला, खिडकीत ठेवला. आणि तशीच उभी राहिले, कारण सोखाच्या त्या छोट्या मामाचं नाव मला माहीत नव्हतं. लसूण किती, आच किती, सगळं विचारलं होतं, नाव नाही.

मग मोबाइल काढला. मामीच्या पारीचा रोल सोखाने वळला तेव्हा मोबाइल माझ्या पिशवीत होता, पण मी मोडलेला तो पहिला रोल वळताना तर मी टिपला होता. सापडला व्हिडिओ. तिची बोटं पारी वळतायत, ओठ हलतायत. आणि नेमक्या त्याच क्षणी मी बोलतेय, "मंडळी, बघा, कसला परफेक्ट वळलाय!" मागे नेऊन पुन्हा लावला, आवाज मोठा केला, कानाला धरला. नाव ऐकू येत नाही. माझाच आवाज येतो.