फी किती, मॅडम?

शाळेच्या ऑफिसात नोकरी केलेल्या बाईला किस्से शोधत फिरावं लागत नाही. खिडकी उघडली की तेच रांग लावून उभे असतात! ऐंशीच्या दशकात मी बोईसरच्या एका खाजगी इंग्रजी शाळेत क्लार्क होते. शाळा म्हणजे काय, भाड्याच्या बंगल्यातल्या पाच खोल्या. हेडमिस्ट्रेस पिंटो मॅडम, वसईकडच्या. मराठी आमच्यासारखंच बोलायच्या, फक्त मनापासून काही पटलं किंवा खटकलं की इंग्रजीत जायच्या. तारापूरच्या एमआयडीसीत तेव्हा नवेनवे कारखाने उभे राहत होते आणि ज्याला त्याला वाटत होतं, आपलं पोर इंग्रजीत शिकावं. वाटायचं सगळ्यांनाच. परवडतंय का, हे ठरवायला मात्र सगळे माझ्या खिडकीशी यायचे.

*

नवापूरच्या जानकीबाई मासळी विकून परस्पर शाळेत आल्या. टोपली पायरीवर ठेवली, हात पदराला पुसले.

"म्हयन्याला किती?"

मी आकडा सांगितला.

"आन पावसात?"

"पावसात काय?"

"पावसात आमची बोट बंद. बोट बंद तं फी पन बंद ना?"

मी हसू दाबत म्हटलं, "अहो, पावसात शाळा चालू असते. शाळा चालू म्हणजे फी चालू."

बाई खिडकीशी आणखी पुढे सरकल्या. "मंग मे म्हयन्यात तुमची शाला बंद. तवाची फी तुमी घेता की नाय?"

मी मागे वळून बघितलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. म्हणाल्या, "शी इज राइट!"

शेवटी ठरलं की पावसाळ्याची फी नारळी पौर्णिमेनंतर, बोटी सुटल्यावर एकदम द्यायची. बाई शब्दाला पक्क्या. सगळी फी आणली, वर केळीच्या पानात दोन पापलेटं. मॅडमनी आतूनच बजावलं, "फीची पावती फाड. पापलेटांची फाडू नकोस!"

*

आमच्या कोपऱ्यावर रघूशेटची चहाची टपरी होती. एके दिवशी ते तणतणत ऑफिसात शिरले.

"बाई, तुमच्या शाळेपायी माझी सहा गिऱ्हाइकं तुटली!"

"आमच्यामुळे?"

"मग! जो येतो तो म्हणतो, चहा बंद, पोराची फी भरायचीय. वर्कशॉपचा सावे तर रोज पाच कप प्यायचा. आता येतो, बाकड्यावर बसतो, पाणी पितो आणि जातो. पेपर फुकट वाचतो तो वेगळाच!"

मी म्हटलं, बसा जरा. ते बसले. मधल्या सुट्टीची घंटा झाली. सावेची मुलगी मैत्रिणीशी इंग्रजीत भांडत ऑफिसवरून गेली. रघूशेट मान वळवून वळवून बघत राहिले. मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "काय हो, फी किती आहे?"

*

मॅडम मुलांबरोबर आईबापांचाही इंटरव्ह्यू घ्यायच्या. घरची परिस्थिती कशी आहे, फी झेपेल ना, एवढंच बघायला. पण लोक लग्नाला निघाल्यासारखे सजून यायचे.

एकदा माकुणसारच्या एक बाई भरगच्च सोन्याचा हार घालून आत आल्या. प्रश्नोत्तरं ठीक झाली. तेवढ्यात बाहेर रांगेत बसलेला एक पोरगा दारातून डोकावला आणि मोठ्यांदा ओरडला, "आई, काकूंचं झालं! आता हार तू घाल!"

दोन शेजारणी, हार एक! बाहेरची बाई तर लाजेने उठून चालायलाच लागली. मॅडमनी तिला हाक मारून आत बोलावलं आणि दोन्ही मुलांना प्रवेश देऊन टाकला. म्हणाल्या, "हार देणारी शेजारीण आहे ना, मग फीचंही काहीतरी जमेल."

*

दुसऱ्यांचं हसं सांगतेय, तर आमच्या घरचंही सांगते. माझ्या समीरला पहिलीत घालायचं होतं. मला अर्धी फी माफ होती. हे, म्हणजे माझे मिस्टर, कंपनीत फिटर. त्यांचं म्हणणं, "फी अर्धी, पण बूट अर्धे मिळतात का? पुस्तकं अर्धी मिळतात का?" दोन दिवस घरात हीच चर्चा. मी चिडून म्हटलं, "मला काय सांगता, शाळेत येऊन विचारा!"

तर हे खरंच आले! हाफ डे टाकून. रांगेत नंबर लावला, खिडकीशी येऊन अगदी अदबीने म्हणाले, "मॅडम, फी किती?"

मीही सांगितली. पै न् पै.

"ठीक आहे," हे म्हणाले, "घरी बायकोला विचारून सांगतो!"

अख्खी रांग हसली. समीर शेवटी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेला. मला वाईट वाटलं का? वाटलं. त्या वर्षी लोकांच्या पोरांचे फॉर्म भरताना पेन जड व्हायचं. पुढे त्याला तिथे इतके छान गुरुजी मिळाले की माझी तक्रारच संपली. पण ह्यांना मी हे अजून बोलून दाखवलेलं नाही!

*

लखमा नावाचा एक गडी डोंगरपट्ट्यातून आला होता, एका गोडाऊनवर वॉचमन होता. बोट धरून सहा वर्षांची पोर.

"एकीचा किती?" त्याने विचारलं. मी सांगितलं.

"आन दोघींचा?"

"दुप्पट."

 त्याने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "मंग एकीचाच लिवा. कमळ नाव हाय."

कमळ यायला लागली. युनिफॉर्म स्वच्छ, फी वेळेवर. दोन-तीन महिन्यांनी पहिलीच्या टीचर ऑफिसात आल्या. "मॅडम, ही कमळ विचित्र आहे. एक दिवस उजव्या हाताने लिहिते, एक दिवस डाव्या!"

मॅडमनी वही मागवली. पानं उलटली. दोन दिवसांची अक्षरं ताडून बघितली. मग वही मिटून म्हणाल्या, "दोन्ही हातांनी लिहिते? गुणी पोर आहे. लिहू दे."

वर्षाअखेरीला बक्षीस समारंभ झाला. कविता म्हणण्याच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस कमळला. पोरांचे घरचे लोक मागे सतरंजीवर बसले होते. लखमाही होता, दोन्ही बाजूंना एकेक पोर घेऊन. एक युनिफॉर्ममध्ये, एक साध्या फ्रॉकमध्ये, चेहरा मात्र एकच.

मॅडमनी माईकवर नाव पुकारलं, "कमळ!"

युनिफॉर्मवाली जागची हलली नाही. तिने फ्रॉकवालीला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, "जा ना गो! कवितेच्या दिशी तू व्हतीस!"