बाराशे डब्यांवर चुकलेली गोष्ट

बहीण काय करते, असं कुणी विचारलं की मी सोळा वर्षं एकच उत्तर देत आलो : "एका कारखान्यात आंबवण्याच्या कामावर देखरेख करते." उत्तरात खोटं काही नव्हतं. व्हिस्की हा शब्द तेवढा मी गाळत होतो, कारण आई शेजारी असायची. नांदेडला वीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला गाळलेली पायरी किती खुपते, ते माझं मला ठाऊक. आईची समजूत होती की मुलगी औषधांच्या कारखान्यात आहे.

आम्हा भावंडांत अकरा वर्षांचं अंतर. भूकंपात औसा तालुक्यातलं आमचं घर पडलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. वडील आधीच वारले होते. आम्ही तिघं वाचलो. पुढचे चौदा महिने पत्र्याच्या शेडमध्ये काढले. दारातच तीन दगडांची चूल, जळण ओलं. अंथरुणापासून वह्यांपर्यंत सगळ्याला धुराचा वास. संध्याकाळी बहीण आत जायला घाबरायची, तेव्हा आई चुलीपुढे शिवेवरच्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगायची. तो दिवेलागणीला वाटेत उभा राहतो आणि चिलमीसाठी विस्तव मागतो. दिला तर घरापर्यंत सोबत करतो. नाही दिला तर माणूस एकाच बांधाला फेऱ्या घालत राहतो.

पुढे लातूरला खोली करून तिची बारावी केली. क्लासच्या एका बॅचला एकशे ऐंशी मुलं. तीन मार्कांनी मेडिकल हुकलं, म्हणून ती रसायन तंत्रज्ञानाला गेली. आज कुठल्या पिंपातली व्हिस्की तयार झाली हे नुसत्या वासावरून ठरवणारी माणसं आपल्याकडे फार नाहीत. माझी बहीण त्यांतली एक आहे.

गेल्या खेपेला ती एक काळा डबा घेऊन आली. "दादा, ही पहिल्या पिंपापासून माझी." धुरावर वाळवलेल्या सातूची, नऊ वर्षं मुरलेली. आपल्या उन्हाळ्यात पिंपातला साधारण दहावा हिस्सा दरसाल उडून जातो, असं ती म्हणाली. मी तिथंच हिशेब केला : नवव्या वर्षाअखेर शंभरातले जेमतेम एकोणचाळीस लिटर उरतात. त्यातून बाराशे बाटल्या भरल्या, प्रत्येकीवर क्रमांक. डब्यावर चिलीम घेतलेला म्हातारा होता आणि खाली इंग्रजीत त्याची गोष्ट.

"आईला तूच सांग," ती म्हणाली. "तिनं हातात घेतली नाही तर मी परत नेईन. मग या घरात माझ्या कामाचं नाव काढणार नाही."

सकाळी आई तूरडाळ निवडत होती. मी सरळ सांगितलं, "आई, ही औषधं करत नाही. दारू करते. ही तिनं केलेली."

आईने चार खडे बाजूला काढले. मग डब्याकडे बोट केलं. "आन् ह्यो म्हातारा कोण?"

"तुझाच," बहीण म्हणाली. "शिवेवरचा."

"वाच."

मी इंग्रजीचं मराठी करत वाचू लागलो. 'एक धाडसी तरुण वाटेने येत होता' इथे आईने हात वर केला.

"थांब. तरुण कुठला? पोरगी व्हती ती. शेजारून गवरीवर विस्तव घिऊन निघालेली. विस्तव मागून बायाच आणत्यात. गडी कधी आणतो का?"

मला यात एकही तर्कदोष सापडेना.

"मी तसंच लिहून दिलं होतं," बहीण म्हणाली. "जाहिरातवाल्यांनी बदललं. म्हणे, पिणारे गडी असतात."

"आन् करणारी कोण हाय?"

आईने पुन्हा सुपात हात घातला.

"दुसऱ्या खेपंला नीट करा म्हणावं."

"दुसरी खेप नाही आई. एवढ्याच बाराशे."

आईने सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि डबा मांडीवर घेतला. "मास्तर, पेन आण. निस्तं बघून काय राहिलास?"

तिने डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला. मी पट्टी लावून 'धाडसी तरुण' असलेली ओळ खोडली आणि वर मराठीत लिहिलं : 'एक मुलगी, हातात गवरीवर विस्तव'. आईने ते दोनदा वाचायला लावलं. बहिणीने डब्यातली बाटली काढली आणि बूच उघडून पुढे केली. आमच्यात कुणी पीत नाही. आईने नुसता वास घेतला.

"ओल्या जळणाचा धूर हाय," ती म्हणाली. "डोळे चुरचुरत न्हाईत, तेवढं बरं केलंस."

बहीण हसता हसता रडली. "बाकीच्या अकराशे नव्याण्णव चुकीच्याच राहिल्या," मी म्हणालो.

"राहू दे," म्हणत आई उठली आणि तिने डबा दारातून दिसेल अशा फळीवर ठेवला, दुरुस्तीची बाजू पुढे करून.