आत्याने आटवलेला धबधबा

आत्या गेल्याची बातमी मला तिच्या जुन्या ऑफिसच्या ग्रुपवरून कळली. ‘निसर्गप्रेमी ताईंना भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि वर एका धबधब्याचं चित्र. मागे बर्फाचे डोंगर, बाजूला देवदारासारखी झाडं... आणि ताई यवतमाळच्या! ग्रुपमधल्या झाडून सगळ्यांनी हात जोडले होते, चित्राकडे मात्र एकानेही बघितलं नव्हतं. आत्या असती तर म्हणाली असती, “हे गधे मले कुठं नेऊन राह्यले?” मला रडू येण्याआधी हसू आलं, आणि मग मात्र रडू आवरेना.

तिचं माहेर, म्हणजे आमचं गाव, कुठल्या रस्त्याला आहे ते मी लिहिणार नाही. पुरवणी वाचून रविवारी गाड्या काढणारी आणि जाईल तिथे प्लेटा टाकून येणारी माणसं मी ओळखून आहे. गाव माळावर आहे. गावाबाहेर सागवानाचं रान लागतं, आणि रान संपतं तिथे दरी. दरीच्या तोंडाशी एका जुनाट उंबराच्या मुळ्यांतून झरा फुटतो आणि काळ्या कातळावरून खाली डोहात पडतो. पावसाळ्यात बऱ्यापैकी गाजतो, उन्हाळ्यात दोन-तीन धारांवर येतो. पण पडतो. सगळं रान वाळून गेलं तरी त्या कातळावर नेचे हिरवे असतात आणि खंड्या डोहावर टपून बसलेला असतो. उतरायची वाट निसरडी, चढण जीव काढणारी. म्हणून त्याच्या जिवावर गाव कधी जगलं नाही. वैशाख आला की सरकारी टँकरचीच वाट बघायचं.

कापसाची ती वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्यात तेव्हा पीक कसलं आलं असेल तर ते पाहणी पथकांचं. मुंबईहून, दिल्लीहून माणसं यायची, गाडीची काच अर्धी खाली करून पऱ्हाटीकडे बघायची, ‘हंऽऽ’ म्हणायची आणि काच वर करायची. आत्या यवतमाळच्या एका सरकारी कचेरीत होती. गाव तिचं, म्हणून एका मे महिन्यात पथकासोबत तिला धाडलं. जेवणं झाल्यावर पथकाच्या साहेबांना ‘जवळपास काही बघण्यासारखं’ हवं होतं. उजाड माळावर आपल्याकडे दाखवण्यासारखं एवढं एक आहे, म्हणून ती मोठ्या हौसेने त्यांना दरीत घेऊन गेली. साहेबांनी बूट काढून डोहात पाय सोडले. फोटो निघाले.

“बारमाही आहे का हो, बाई?”

“हो साहेब, कधीच नाही आटत,” आत्या अभिमानाने म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात टँकर बंद झाला. गावालगत बारमाही पाणी उपलब्ध आहे, असं कारण कळलं. गावालगत! पायांना गार वाटलं तेवढ्यावर साहेबांनी अख्ख्या गावाची तहान भागवून टाकली. बाया डोक्यावर पाण्याचे गुंड घेऊन दरी चढायला लागल्या. माझी काकू त्या निसरड्या वाटेवर भरल्या गुंडासकट पडली, पाय मोडला, आणि तो उन्हाळा तिने बाजेवर काढला. आत्या तिला भेटायला आली तेव्हा दारातच उभी राहिली. “मीच नेलतं त्यायले,” एवढंच म्हणाली.

गावाने अर्जावर अर्ज केले. पुढच्या उन्हाळ्यात तेच साहेब फेरपाहणीला आले आणि वाट दाखवायला पुन्हा आत्याच. या वेळी तिने जीप भलत्याच रस्त्याला वळवली. गावाच्या पार दुसऱ्या अंगाला एक उघडाबोडका नाला आहे. त्याच्या कोरड्या दरडीसमोर तिने साहेबांना उभं केलं. ना उंबर, ना डोह, शेवाळाचा डागसुद्धा नाही. जीपमागोमाग गावातल्या बायाही आल्या होत्या; मी सुट्टीत गावी होते, काकूला धरून त्यांच्यातच उभी होते. आता पितळ उघडं पडणार, असंच मला वाटलं.

“इथे तर चांगलं पाणी होतं,” साहेब म्हणाले.

“होतं ना साहेब. आटलं.”

“तुम्ही तर म्हणाला होता, कधीच आटत नाही!”

“तुमचे पाय लागले न् साहेब त्याले.”

लंगडत आलेल्या काकूने पदर डोळ्यांना लावला, “कसा गोड झरा होता व माय...” मागच्या बायांनीही सूर धरला. साहेब गंभीर झाले. ‘पर्यावरणाचा ऱ्हास’ असं काहीतरी पुटपुटले आणि जीपमध्ये बसले. ज्या पाण्यात तासभर पाय सोडून बसला, ती जागा त्या माणसाला ओळखता आली नाही. टँकर सुरू झाला. अजूनही दर उन्हाळ्यात येतो.

त्यानंतर आत्याने परक्या माणसाला धबधबा दाखवला नाही. कोणी विचारलं की सुस्कारा सोडायची, आणि तो सुस्कारा इतका झकास असायचा की समोरचाच तिचं सांत्वन करायचा. गेल्या हिवाळ्यात गुडघे धरत, मला शिव्या घालत ती शेवटची दरीत उतरली. मी डोहात पाय घालायला गेले तर खेकसली, “पाय काढ! पियाचं पानी हाय थे.” मग धारेखाली ओंजळ धरली आणि पोटभर प्यायली.

तेरवीला आत्याच्या यवतमाळच्या घरी ते साहेब आले होते, आता रिटायर झालेले. “बाईंच्या गावाला काय सुंदर धबधबा होता! मी स्वतः पाहिलाय. आटला बिचारा,” म्हणाले. मी स्वयंपाकघरातल्या आत्याच्या माठातून त्यांना पेलाभर पाणी दिलं. गावाकडून दुधाच्या गाडीवर तिच्यासाठी दरीतल्या पाण्याची एक कॅन यायची, ती अजून येते. माठ मी रिकामा होऊ देत नाही. साहेबांनी पेला एका दमात संपवला आणि पुन्हा पुढे केला.

“फार गोड पाणी आहे हो. फिल्टर कोणत्या कंपनीचा?”

मी आत्यासारखाच सुस्कारा सोडला आणि पेला पुन्हा भरून दिला.